कोरडा करून आणा

सुगी संपली, घराघरातून दळणाचे डबे निघाले, आणि नेमकं ह्याच दिवसांत गिरणीवालीच्या गिरणीतून हाताला चटका बसेल असं पीठ पडायला लागलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

“वहिनी, दळून देताय की भाजून?” रांगेतल्या पहिल्या बाईनं डब्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मागच्या दोघी खिदळल्या.

“थंड झालं की नीट होतंय,” गिरणीवाली इंजिनाच्या आवाजावर ओरडली. तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. पिठाला जळकट वास येत होता आणि तो वास लपवता येत नव्हता.

दगड गुळगुळीत झाले होते. गिरणीचे दगड धान्य दळता दळता स्वतःही झिजतात. त्यांच्यावरच्या खाचा बुजल्या की दाणा कापला जात नाही, नुसता रगडला जातो. मग वरचा दगड साखळीनं उचलून उलथा पाडायचा आणि छिन्नी-हातोडीनं एकेक खाच पुन्हा उघडायची. ह्याला टाकी लावणं म्हणतात. येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे ते. आसपासच्या गावांत ते एकालाच धड जमत होतं आणि तो तिचाच नवरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसंही नव्हतं. कळसा काखेतच होता, फक्त तो दारूनं भरलेला होता.

लोक त्याला टाकीवाला म्हणत. सकाळी त्याचे हात असे थरथरायचे की चहाची बशी तोंडापर्यंत रिकामीच पोचायची. पण एक पेला पोटात गेला की तेच हात असे थांबायचे, की केसाएवढी रेघ दगडावर सरळ ओढावी तर त्यानंच. हे सगळ्या गिरणीवाल्यांना ठाऊक होतं. टाकीवाल्याला बोलवायचं तर दगड उलथा पाडायच्या आधी त्याच्या शेजारी बाटली ठेवायची, असा रिवाजच पडून गेला होता. सुरुवात कशानं झाली? तर दगडाची भुकटी घशात बसते म्हणून. घसा धुवायला म्हणून पहिला घोट कुणीतरी दिला. देणाऱ्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. घसा धुऊन निघाला, त्याबरोबर संसारही निघाला.

त्या दोघांची एकुलती लेक सासरी होती. जावई पहिल्यांदा राहायला आला तेव्हा सासरा उंबऱ्यात पालथा पडलेला होता. तेव्हापासून लेक माहेरी आली नव्हती, आणि आईनंही कधी ये म्हटलं नव्हतं. घरात उरली ती नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. उभी हयात इंजिनाशेजारी गेल्यानं आबांचे कान केव्हाच गेले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचायचं.

पीठ तापायला लागलं त्याच आठवड्यात एका रात्री तिनं चिडून त्याची बाटली मोरीत ओतली. सकाळी बघते तर हा पायरीवर बसून उघड्या अंगावरून काहीतरी झटकतोय.

“अगं, मुंग्या काढ. पाठीवर बघ किती चढल्यात.”

पाठीवर काही नव्हतं. घामाच्या नुसत्या धारा होत्या. तिनं पदरानं पाठ पुसली तर तो कळवळला, म्हणाला, “चिरडू नको गं, चावतात.” तिनं इंजिन बंद ठेवलं, दार ओढलं आणि तडक दवाखाना गाठला.

दवाखाना म्हणजे एक खोली. एक टेबल, पोरांना तोलायचा काटा, लशींचा फ्रीज, आणि ह्या सगळ्याला मिळून एक सिस्टर. सिस्टरनं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“वहिनी, इथं साप चावला तर सुई आहे, कुत्रं चावलं तर सुई आहे. बाटली चावली तर माझ्याकडे काही नाही.”

“काही गोळी तरी? आबांनी मागं एकाकडून भुकटी आणली होती, जेवणात न सांगता घालायची. आठ दिवस नुसता ओकत होता. ओकायचा आणि पुन्हा प्यायचा.”

“त्या भुकटीचं नाव काढू नका. आणि हेही ऐका, बाटली मोरीत ओतलीत ते पुन्हा करू नका. इतकी वर्षं पिणाऱ्याची एकदम तोडली तर झटके येतात. माणूस जातो त्यात. सोडवायची ती डॉक्टरच्या डोळ्यांदेखत, औषधावर.”

“मग डॉक्टर कुठाय?”

सिस्टर हसली, पण हसू काही चांगलं नव्हतं. “मलाच दिसला तर तुम्हाला दाखवते. दोन एसट्या बदलून गेलात की एक केंद्र आहे. व्यसन सोडवायचं. महिनाभर ठेवून घेतात. नंबर देते, पण फोन उचलतील असं नाही.”

फोन उचलला जाईपर्यंत तिच्या नाकी नऊ आले. गिरणीत डबे लागलेले, एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं पिठाची पिशवी झटकायची. शेवटी एकदा पलीकडून माणसाचा आवाज आला. खाट सोमवारी मोकळी होतेय, म्हणाला. पेशंटची मर्जी आहे का? मर्जी नसेल तर आणू नका, कुंपणावरून उड्या मारून पळतात.

तिनं नवऱ्याला विचारलं ते चुलीपाशी, तो एक पेला घेऊन शांत झाल्यावर. आरडाओरडा होईल, भांडी फुटतील, ह्या तयारीनंच बसली होती ती. पण तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला.

“नेतेस तर ने,” तो म्हणाला. “मलाही आता कंटाळा आलाय गं. रोज सकाळी मेल्यासारखं उठायचं आणि पिऊन जिवंत व्हायचं. हा काय धंदा आहे?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं सरळ बोलणं तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती उठून बाहेर गेली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून रडली. आनंदानंच रडली. मेली आशा कुठं दडून बसलेली असते कोण जाणे.

आता ऐका, चूक कुठं झाली ते. रविवारी संध्याकाळी आबा म्हणाले, “महिनाभर हा जाणार. दगड असे. गिरणी महिनाभर बंद ठेवायची का? जायच्या आधी टाकी लावून जाऊ दे त्याला.” बोलणं चुकीचं नव्हतं. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या गिरणीला गेलं की परत येत नाही. आणि टाकी लावायची म्हणजे हात थांबायला हवेत, आणि हात थांबायचे म्हणजे… त्यापुढचं कुणी बोललं नाही. गिरणीवाल्याच्या घरात दगड आधी आणि माणूस मागून, हे त्या सगळ्यांच्या हाडात बसलेलं होतं. तिच्यासुद्धा.

सोमवारी उजाडताच त्यानं दगड उलथा पाडला. साखळी ओढताना तिनंही हात लावला. मग तो मांडी घालून बसला, शेजारी बाटली. एक पेला, मग छिन्नी. मध्यापासून कडेपर्यंत एकेक खाच तो उघडत गेला. भुकटी त्याच्या भुवयांवर बसली, मिशांवर बसली. ती समोर कंदील धरून होती, कारण त्या कोपऱ्यात दिवसाही उजेड पोचत नाही.

“कंदील हलवू नको,” तो म्हणाला. “प्यायलोय मी आणि थरथरतेस तू.”

ती हसली. खरोखर हसली. हातोडीचा ठोका एकसारखा पडत होता आणि तिला वाटलं, हा माणूस बरा होऊन आला तर ह्याच हातांनी पाणी पिऊन काम करेल. तिनं मनात तसं चित्रही काढलं, लेक माहेरी आलीय आणि जावई गिरणीत उभा राहून सासऱ्याचं काम बघतोय. दगड पुन्हा बसवून, अंघोळ घालून, स्वच्छ सदरा चढवून तिनं त्याला एसटीत बसवलं तेव्हा बाटलीत बोटभर उरली होती.

पहिल्या एसटीत तो झोपला. दुसरीत त्याला ओकारी आली. तिनं पिशवी पुढं धरली, पण थोडी समोरच्या बाईच्या चपलांवर गेलीच. कंडक्टर म्हणाला, “पाजून आणता कशाला ह्यांना? उतरवू का?” तिनं हात जोडले. आपल्या पदरानं त्या बाईच्या चपला पुसल्या. बाईनं पाय मागं घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

केंद्राला लोखंडी फाटक होतं आणि आत दोन झाडं. व्हरांड्यात एकसारखे कपडे घातलेले पाच-सहा जण शेंगा सोलल्यासारखं काहीतरी करत गप्प बसले होते. टेबलामागच्या माणसानं टाकीवाल्याला जवळ बोलावलं, तोंडाचा वास घेतला आणि खुर्ची मागं सरकवली.

“हा प्यायलाय.”

“प्यायलाय म्हणूनच आणलाय,” ती म्हणाली.

“बाई, पिऊन आलेला आम्ही घेत नाही. फोनवर सांगितलं नव्हतं का?”

“नव्हतं हो. मर्जी आहे का एवढंच विचारलंत.”

“आमच्याकडे डॉक्टर रोज नसतो. रात्री ह्याला झटका आला तर जबाबदारी कुणाची? दोन-तीन दिवस अंगातून उतरू दे. कोरडा करून आणा, मग खाट तुमची.”

“घरी कोरडा केला तर जीव जाईल म्हणते आमची सिस्टर.”

“मग मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं उतरवून इथं आणा.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रोज तेच तेच सांगून आवाज नुसता झिजला होता. “शुक्रवारपर्यंत खाट धरून ठेवतो. तुमच्यासाठी म्हणून.”

टाकीवाला मधेच बोलला, “साहेब, मी राहतो हो. आज राहायची मर्जी आहे. उद्याचं मला माहीत नाही.”

त्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं, खांदे पाडले आणि नाही म्हणून मान हलवली.

मोठा दवाखाना त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. बाकावर बसून बसून दिवस कलला. एक तरुण डॉक्टर आला, त्यानं टाकीवाल्याच्या डोळ्यांची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं.

“उलटीत रक्त पडतं का?”

“नाही.”

“झटके आलेत?”

“अजून नाही.”

“मग नुसत्या दारूसाठी भरती करता येत नाही. बघताय ना, लोक जमिनीवर झोपलेत. झटके आले तर लगेच आणा.”

“साहेब, आमचं घर दोन एसट्यांवर आहे.”

“मग लवकर निघा,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

आता बोला! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. एक म्हणतो कोरडा कर, एक म्हणतो कोरडा केलास तर मरेल, एक म्हणतो मरायला लागला की आण. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि तो तिच्या खांद्याला. त्याची उतरायला लागली होती. हात पुन्हा थरथरत होते, ते त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

“शुक्रवारपर्यंत म्हणाला ना?” तो हळूच म्हणाला. “मी काढतो तेवढे दिवस. कोंड मला मागच्या खोलीत. ओरडलो तरी उघडू नको. आईची शपथ घालतो तुला.”

“सिस्टर काय म्हणाली ते ऐकलंस?” एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी तोंडातून कसं निघालं तिलाच कळलं नाही.

“सिस्टर म्हणाली डॉक्टरच्या डोळ्यांदेखत. डॉक्टरनं बघितलं की आज डोळ्यांनी.”

दोघंही त्यावर हसले.

मागची खोली म्हणजे गिरणीच्याच पाठची, पोती ठेवायची. तिनं पोती हलवली, गोधडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला, कोपऱ्यात बादली ठेवली. छिन्न्या, हातोडी, दोरी, सगळं बाहेर काढलं. तो स्वतः चालत आत गेला. आबांनी बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसले, राखणीला.

पहिला दिवस नुसत्या घामात गेला. भात कालवून दिला तो त्यानं तसाच ओकला. संध्याकाळी त्यानं हाका मारायला सुरुवात केली. आधी गोड, “अगं, ऐक ना, एक घोट, फक्त हात थांबण्यापुरता.” मग शिव्या. तिच्या आईला, बापाला, लेकीलासुद्धा. मग रडणं. मग पुन्हा गोड. गिरणीसमोर बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे कान टवकारलेले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं इंजिनाचा वेग वाढवला.

दळण संपलं तरी तिनं इंजिन बंद केलं नाही. दगड रिकामे फिरवायचे नसतात, एकमेकांना खातात, म्हणून तिनं पट्टा उतरवला आणि इंजिन नुसतंच धडधडत ठेवलं. कुणाच्या कानावर काही जायला नको.

“वहिनी, दळण नाही तर इंजिन कशाला?” रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलं.

“तापवतेय,” ती म्हणाली.

“एवढ्या उकाड्यात?”

तिनं पाठ फिरवली. तो मान हलवत गेला.

त्याच्या हाका तिला तरीही ऐकू येत होत्या. इंजिनाच्या ठोक्यांमधून माणसाचा आवाज वेगळा काढायची सवय गिरणीवालीच्या कानाला असतेच. गिऱ्हाईक काय बोलतंय ते तिला हजार आवाजांत कळायचं, आणि आता तीच सवय जिवावर आली होती. भिंतीतून पीठ येतंय, तो ओरडत होता, पीठ येतंय, मी बुडतोय, दार उघड. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले. शुक्रवार काही लांब नव्हता. एवढं काढलं की खाट. ती स्वतःशीच बडबडत होती, खाट, खाट, खाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाका थांबल्या. तिला हायसं वाटलं. झोपला असेल, म्हणाली. उतरली असेल. तिनं इंजिन चालूच ठेवलं, कारण झोपेत बरळला तर? त्या शांततेत तिनं दोन घास खाल्लेसुद्धा, आणि पुढं कितीतरी दिवस त्या दोन घासांची तिला किळस येत राहिली.

कळलं ते आबांना. बहिरे आबा दाराला पाठ टेकून डुलक्या घेत होते. ते एकदम दचकून उठले आणि दारावर तळहात ठेवून उभे राहिले.

“पोरी!” ते ओरडले. “दार हलतंय! इंजिनाचं नाही हे, दुसरंच हलतंय!”

तिनं कडी काढली. तो दाराशीच पडला होता. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, तोंडाच्या कडेला रक्ताचा फेस. टाचा आणि डोकं एका तालात आपटत होतं. तांब्या लवंडून पाणी पसरलं होतं आणि त्यात पिठाचा चिखल झाला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर मांडीवरही ते आपटतच राहिलं.

“इंजिन बंद करा!” ती किंचाळली. आबांना ते ऐकू गेलं नाही.

थोड्या वेळानं झटका ओसरला. तो घोरायला लागला, ओठ निळे पडलेले. तिनं दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. गाडी बाळंतपणाच्या बाईला घेऊन गेलीय, पलीकडची पोरगी म्हणाली, परत यायला संध्याकाळ होईल. सिस्टरचा फोन लागेना, ती लशी द्यायला कुठल्या वस्तीवर गेली होती. आणि मग पुन्हा त्याची मान ताठ व्हायला लागली.

दुसरा झटका पहिल्याहून मोठा होता.

तो ओसरला तेव्हा त्यानं डोळे उघडले. तिला ओळखलं नाही, पण ओठ हलवून पाणी मागितलं. तिसरा आला तर तो परत यायचा नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती उठली.

“आबा, ह्यांना कुशीवर धरून ठेवा. उताणं पडू देऊ नका,” ती त्यांच्या कानात ओरडली आणि निघाली.

ओढ्याच्या कडेला एक म्हातारी दारू गाळून विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. गिरणीवाली लग्न होऊन आल्यापासून त्या वाटेनं कधी गेली नव्हती, नवऱ्याला शोधायलासुद्धा नाही. लोकच त्याला उचलून घरी आणून टाकत. आज ती भर उन्हात, अनवाणी, केसांत पीठ, लुगड्यावर रक्त आणि ओकारी, अशी सगळ्या गावासमोरून धावत गेली. पारावरच्या माणसांनी पत्ते खाली ठेवले. कुणीतरी म्हणालं, “आता हिलाही लागली का?” आणि कुणीतरी हसलं. तिनं ते ऐकलं, पण पाय काही थांबवले नाहीत.

“मावशी, दे.”

म्हातारीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. काही विचारलं नाही. बाटली भरली, बूच लावलं.

“एकदम ओतू नको,” मावशी म्हणाली. “चमच्यानं दे. ठसका लागला तर थांब. माझ्या दादल्याचं मी असंच केलं होतं.”

“वाचला?”

“तेव्हा वाचला,” मावशी म्हणाली.

तिनं ते त्याच्या ओठांत चमच्या-चमच्यानं सोडलं. ज्या वासानं तिला आयुष्यभर मळमळायचं तो वास आता तिच्या बोटांना होता. तो गिळत गेला. हळूहळू अंगातला ताठा सैल पडला. घाम थांबला. संध्याकाळी गाडी आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि आबा त्याला पंख्यानं वारा घालत होते.

गाडीवाल्यानं आत डोकावून बघितलं. “झटके आले होते म्हणता? आत्ता तर बोलतोय. वासही येतोय. दवाखान्यात नेला तर म्हणतील प्यायलेला आणलाय.”

“ते म्हणाले होते, झटके आले की आणा,” ती म्हणाली.

“मग झटके चालू असताना आणायचा ना, बाई.”

गाडी गेली. तिच्यातून आणखी कुणाला तरी आणायचं होतं.

रात्री सिस्टरचा फोन लागला. सिस्टरनं झटके किती आले, पाजली किती, ते विचारून घेतलं. मग म्हणाली, “दिलीत ते बरं केलंत. आता मोजून देत राहा, सकाळ-संध्याकाळ, आणि रोज थोडी थोडी कमी करत जा. माझ्याकडे ह्याहून दुसरं सांगायला नाही, वहिनी. मलाच लाज वाटते.”

म्हणून गुरुवारपासून गिरणीवालीनं तिजोरीत ठेवावी तशी ती बाटली धान्याच्या कोठीत ठेवली, किल्ली कमरेला लावली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, औषधाच्या टोपणानं मोजून पेल्यात. तो दिवसभर पोरासारखा वाट बघत बसला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. आबांचं तर समाधान झालं. त्या दिवशी गिरणीत येईल त्याला ते मोठ्यानं सांगत होते, “पोरगा सुधारला हो! गुत्त्याकडे पाऊल टाकत नाही.” लोकांनीही मानलं. एक बाई तर म्हणाली, “नशीब काढलंत, वहिनी, शेवटी वळणावर आणलात.”

शुक्रवारी सकाळी ती पेला भरून उठली तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातला तोच झिजलेला आवाज होता.

“बाई, खाट धरून ठेवलीय. कोरडा झाला का? आज दुपारपर्यंत आणलात तर घेतो.”

तो समोरच बसला होता. दाढी केलेली, डोळे निवळलेले. किती दिवसांनी तो माणसासारखा दिसत होता. हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, पेल्याकडे बघून. आज न्यायचा तर हा पेला द्यायचा नाही. न देता दोन एसट्या, आणि वाटेत कुठंतरी मान ताठ होणार. तिनं डोळे मिटले, उघडले.

“कोरडा नाही,” ती म्हणाली.

“नाही? मग कुणी पाजली?”

“मी पाजली.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, “घरचेच पाजायला लागले तर आम्ही कुठं कुठं पुरणार, बाई? खाट दुसऱ्याला देतो. यादी मोठी आहे.” आणि फोन बंद झाला.

“कोणाचा होता गं?” त्यानं विचारलं.

“कुणाचा नाही. दळणाचं विचारत होतं कुणीतरी.”

तिनं पेला पुढं केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, न सांडता तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग पेला उजेडाकडे धरून तळाशी बघितलं.

“आज कमी घातलीस गं,” तो म्हणाला. रागावून नाही, अगदी मायेनं म्हणाला. “हात थांबत नाहीत बघ.”

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली आणि कोठी उघडली.